पुढची बैठक कधी आहे? : व्याख्यानं मिळवण्याचं माझं पहिलं वर्ष

मे २०२५ मध्ये एका वसंत व्याख्यानमालेत माझं व्याख्यान झालं आणि आदल्या वर्षीच्या जूनमध्ये मनाशी धरलेलं काम एकदाचं पार पडलं. मधला काळ पत्रं देण्यात, फोन करण्यात आणि वाट बघण्यात गेला. भाषण कसं करावं, सभाधीटपणा कसा आणावा यावर वाचायला भरपूर मिळतं. पण विषय पक्का आहे, तयारी आहे आणि आपलं नाव मात्र कुणाला माहीत नाही, अशा माणसाला व्यासपीठापर्यंत पोचायचं कसं, याबद्दल मला काहीच हाती लागलं नव्हतं. म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे.

माझा विषय मोडी, म्हणजे मराठी पूर्वी जिच्यात लिहीत ती जुनी लिपी. सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवून मी २०२३ च्या मेअखेरीला निवृत्त झाले. मोडी त्याच्या बरीच आधी, पुराभिलेख संचालनालयाच्या प्रशिक्षण वर्गात शिकले होते आणि सुट्ट्यांमध्ये वाचनाचा सराव ठेवला होता. २०२३ च्या शेवटी मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. गावोगावची जन्म-मृत्यूची जुनी दप्तरं बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांची एकदम गरज पडली. माझ्या घरीही लोक कागद घेऊन येऊ लागले. नोंद सापडो न सापडो, आपल्याच घरातल्या कागदात काय लिहिलंय हे बहुतेकांना माहीत नसायचं. कुणी फाटलेल्या घडीवर चिकटपट्टी लावलेली असायची, कुणी चक्क लॅमिनेशन करून आणलेलं असायचं. लॅमिनेशन केलेला जुना कागद पुन्हा सहजासहजी मोकळा करता येत नाही आणि आतल्या आत खराब होत जातो. हे दारात आलेल्या एकेकाला सांगण्यापेक्षा शंभर लोकांसमोर एकदम सांगायला हवं, असं फार मनापासून वाटायला लागलं. व्याख्यानं द्यायची ठरवली ती या पोटतिडिकेतून.

जून २०२४ मध्ये एका पानाचं पत्र तयार केलं. सुरुवातीला शीर्षक होतं ‘मोडी लिपी : उगम आणि विकास’. आमच्या गावातल्या वाचनालयाच्या ग्रंथपालताईंना ते दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “बाई, आमच्याकडं संध्याकाळी येणार पेन्शनर आणि घरच्या बायका. त्यांच्या घरात काय आहे ते सांगा की.” मग शीर्षक केलं ‘तुमच्या पेटीतला कागद काय सांगतो?’ त्याखाली तीन ओळी, श्रोत्यांना काय करायला मिळेल त्याच्या : पडद्यावरच्या खऱ्या मोडी कागदावर आधी ‘श्री’ शोधायचा, मग तारीख वाचायची, आणि शुहूर सनात (जुन्या मोडी कागदांतली कालगणना) ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन काढायचा. पुढे वेळ (पंचेचाळीस मिनिटं आणि प्रश्नोत्तरं), लागणारं साहित्य, शंभर शब्दांत परिचय आणि फोन नंबर. भाच्याने मोबाईलवर माझं चार मिनिटांचं बोलणं चित्रित करून दिलं. त्याची लिंक क्यूआर कोड करून पत्राच्या कोपऱ्यात छापली. अनोळखी वक्त्याला बोलावताना समितीला एकच धास्ती असते की हा माणूस बोलेल कसा. ती या चार मिनिटांनी पुष्कळ कमी होते.

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात पत्रं द्यायला सुरुवात केली. जिल्ह्यातली ‘अ’ आणि ‘ब’ वर्गाची वाचनालयं, दोन-तीन जुन्या व्याख्यानमाला, ज्येष्ठ नागरिक संघ, महाविद्यालयं, रोटरी क्लब. जवळच्या ठिकाणी स्वतः गेले, लांबच्यांना स्पीड पोस्टाने पाठवलं. पोस्टाला एका पत्रामागे चाळीसेक रुपये पडले. स्वतः गेलात तर पत्राच्या दोन प्रती घेऊन जा. एक प्रत देऊन दुसरीवर पोच मागा. मी गेले तिथे एका जागी टेबलावरच्या काकांनी जाडजूड आवक रजिस्टर उघडलं, पट्टीने रेघ मारली, तारीख, माझं नाव आणि विषय लिहिला आणि जांभळ्या शाईचा शिक्का माझ्या प्रतीवर उठवून त्यात आवक क्रमांक घातला. पुढे वर्षभर फोनवर “माझं पत्र आलंय का हो?” असं विचारण्याऐवजी “नऊ जुलैचं, आवक क्रमांक अमुक” असं सांगता आलं. समोरचा माणूस लगेच फाईल काढायला उठतो.

ऑगस्ट उजाडला तरी एकाही ठिकाणाहून उत्तर नव्हतं. शाळेत आयुष्यभर लोक माझ्याकडे काहीतरी मागायला यायचे. आता मी मागणारी झाले होते. फोन हातात घ्यायचा, नंबर काढायचा आणि परत ठेवून द्यायचा, असं खूपदा झालं. आपण लोकांच्या मागे लागतोय असं वाटायचं. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा दिसायच्या आणि उत्तर यायचं नाही. त्याचा त्रास अपेक्षेपेक्षा जास्त झाला.

ही कोंडी फुटली ती एका व्याख्यानमालेच्या खजिनदारांमुळे. नातेवाईकांच्या घरी भेट झाली तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं की आलेल्या पत्रांचं नेमकं होतं काय. त्यांनी नीट समजावून सांगितलं. पत्र फायलीला लागतं. फाईल कार्यवाहांच्या कपाटात असते. कार्यकारिणीची बैठक महिन्या-दोन महिन्यांनी. त्यात हिशेब, हॉलचं भाडं, देणगीदार यांतच बहुतेक वेळ जातो. शेवटी अध्यक्ष विचारतात, “बरं, वक्त्यांची नावं सांगा,” आणि तेव्हा ज्याला जे नाव आठवेल ते तो सांगतो. फाईल त्या वेळी कुणी उघडत नाही. म्हणजे दोन महिने आलेली शांतता हा नकार नव्हताच. माझ्या नावाचा विचार अजून कुणी केलाच नव्हता.

त्या दिवसापासून फोनवर “काय ठरलं?” हे विचारणं मी बंद केलं. त्याला उत्तर एकच येतं, “अजून काही नाही, कळवतो.” त्याऐवजी विचारायला लागले, “पुढची बैठक कधी आहे?” याला माणूस तारीख सांगतो. ती तारीख वहीत लिहायची आणि बैठकीच्या दोन-तीन दिवस आधी एक फोन. एवढ्या एका बदलाने माझं सगळं गणित सुटत गेलं.

वहीत प्रत्येक संस्थेला एक पान दिलं. कोणाशी बोलणं झालं, बैठक कधी, त्यांचा हंगाम कोणता, पुढचा फोन केव्हा. हंगाम ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली आणि ती २१ एप्रिल ते २० मे अशी चालते. नाशिकची गोदाघाटावर मे महिन्यात असते. आपल्याकडच्या लहान गावांतल्या मालाही याच सुमाराला किंवा जानेवारीत भरतात. त्यामुळे वसंतातली नावं जानेवारी-फेब्रुवारीत ठरतात, जानेवारीतली दिवाळीच्या आधी. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, नवे अध्यक्ष आणि सचिव येतात, तेव्हा जूनमध्ये जुन्या सचिवांना दिलेलं पत्र नव्यांकडे पोचेलच असं नाही. महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरं हिवाळ्यात, त्यासाठी ऑक्टोबरात बोलावं लागतं. गणेश मंडळांना आषाढात. मार्चमध्ये शक्यतो कुणालाच फोन करू नये, सगळे हिशेबात बुडालेले असतात.

फोनची वेळही पाळावी. वाचनालयाचे कार्यवाह बहुधा नोकरी किंवा दुकान सांभाळून हे काम करतात, त्यांना संध्याकाळी साडेसहानंतर. प्राध्यापकांना दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर. आणि दर फोनमागे त्यांच्या हाती काहीतरी नवं द्यावं : कधी दोन सोयीच्या तारखा, कधी पत्रिकेत छापायला तयार चार ओळींचा परिचय. समोरची माणसं हे काम विनामोबदला करत असतात. आपल्या फोनने त्यांचं एखादं काम कमी झालं तर ती आपल्याशी आनंदाने बोलतात.

पहिली संधी आली ती बदली वक्ता म्हणून. एका रोटरी क्लबच्या सचिवांना मी ऑगस्टमध्ये सांगून ठेवलं होतं, “ऐनवेळी कुणी येऊ शकलं नाही तर मला सांगा, मी तासाभरात पोचेन.” सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी दोनला फोन आला, सातला बैठक. वीस मिनिटं मिळाली. रोटरीत वक्त्याला साधारण मानधन नसतं, मलाही नव्हतं. एक रोप आणि प्रशस्तिपत्र मिळालं. पण तिथे बसलेल्या दोघांची नावं पुढे उपयोगी पडली, कारण एक जण महाविद्यालयाच्या संस्थेचे विश्वस्त निघाले. घरी आल्यावर त्याच रात्री सचिवांना आभाराचा निरोप पाठवला आणि त्यांच्याकडून दोन ओळींचा अभिप्राय मागून घेतला. ताजं असतं तेव्हा लोक लिहून देतात.

मग ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वहीतल्या सगळ्या संस्थांना एक लहान परिच्छेद लिहून पाठवला : मराठीचा शेकडो वर्षांचा व्यवहार मोडीत आहे, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो चालू होता, आणि आज ते वाचणारे थोडे आहेत, या निमित्ताने एक संध्याकाळ ठेवता येईल का. जुलैपासून गप्प असलेल्या ठिकाणांहून फोन यायला लागले. एका वाचनालयाने १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन दिला.

त्या दिवशी दुपारीच विधानसभेची आचारसंहिता लागली. कार्यक्रम साडेपाचला. प्रमुख पाहुणे लोकप्रतिनिधी होते, ते येणं शक्य नव्हतं. फलकावर त्यांचं छायाचित्र होतं, तो उतरवून फळ्यावर खडूने नाव लिहिलं. कार्यवाह घामाघूम झाले होते. मला पाऊण तासाऐवजी दीड तास मिळाला. ‘श्री’ शोधताना मागच्या रांगेतल्या आजी उठून पडद्याजवळ आल्या आणि बोट ठेवून म्हणाल्या, “हा बघा.” मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि अक्षरं तिच्याखाली लिहीत जातात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. म्हणून नवशिक्याला सगळं सलग दिसतं. पण ‘श्री’ सापडला की भीती जाते. शाल, श्रीफळ आणि पाकिटात हजार रुपये मिळाले. एसटीत महिलांना निम्मं तिकीट असल्यामुळे जाऊन-येऊन शंभराच्या आत भागलं.

नोव्हेंबर मोकळा गेला. २० तारखेला मतदान, शिक्षक-प्राध्यापक निवडणुकीच्या कामात, कुणाशी बोलणंच होईना. अशा वेळी रेटू नये.

डिसेंबरच्या शेवटी एका महाविद्यालयाच्या शिबिरात बोलावणं आलं. रात्री साडेआठला, मंदिराच्या सभामंडपात, मुलं सतरंजीवर आणि गावकरी पायऱ्यांवर. प्रोजेक्टर होता, पण माझ्या लॅपटॉपची जोडणी त्याला बसत नव्हती. सातशे रुपयांचं अडॅप्टर मी आधीच घेतलं होतं, ते कामाला आलं. विद्यार्थ्यांनी आपापली नावं मोडीत लिहिली. थंडीत दहा वाजले तरी कुणी उठेना.

महाविद्यालयाच्या कागदपत्रांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे नवा माणूस गोंधळतो. फोनवरच्या होकारानंतर प्राचार्यांच्या सहीचं निमंत्रणपत्र मागून घ्यावं, मानधनाचं बिल त्याच्याच आधारावर निघतं. माझ्याकडून पॅन कार्डाची प्रत, रद्द केलेला धनादेश आणि एक पानी परिचय घेतला. कार्यक्रमानंतर पावतीवर सही. पाच हजारांवरच्या पावतीलाच एक रुपयाचं महसुली तिकीट कायद्याने लागतं, पण आमच्याकडे पंधराशेलाही लावून घेतलं. पर्समध्ये दोन-चार तिकिटं ठेवलेली बरी. त्यांना नॅकसाठी (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था) अहवाल करावा लागतो, तेव्हा व्याख्यानाचा दहा ओळींचा सारांश आणि दोन छायाचित्रं मी दुसऱ्या दिवशीच पाठवली. तिथल्या सरांनी आपणहून आणखी दोन महाविद्यालयांना माझं नाव कळवलं. मानधन मात्र एप्रिलमध्ये खात्यावर आलं. मध्ये दोनदा विचारलं ते कार्यक्रम अधिकाऱ्यांना नव्हे, थेट लेखा विभागात, बिलाची तारीख सांगून. ज्यांनी आपल्याला बोलावलं त्यांच्याकडे पैशांचा विषय सारखा काढल्याने संबंध अवघडतात, आणि बिल त्यांच्या टेबलावर नसतंच.

आता जे लिहायला जड जातंय ते. जानेवारीतल्या एका व्याख्यानमालेने ऑक्टोबरमध्ये मला तोंडी होकार दिला होता. मी त्याच दिवशी तारीख, वेळ, विषय लिहून निरोप पाठवला, तो वाचल्याची खूणही आली. दिवाळीनंतर पुन्हा बोलणं झालं, “हो हो, नक्की.” जानेवारीत ओळखीच्या एकांनी छापील पत्रिकेचा फोटो पाठवला. माझ्या तारखेला दूरचित्रवाणीवरचं एक प्रसिद्ध नाव होतं. मला कुणी कळवलं नव्हतं. मी रडले. दोन दिवस वही उघडली नाही. नवरा म्हणाला, एकदा फोन करून सुनाव तरी. त्यांचीही अडचण असेल, नावाजलेल्या वक्त्याने सभागृह भरतं आणि देणगीदार खूश होतात, हे मला कळत होतं. पण कळवायला हवं होतं, हे आजही वाटतं. तिसऱ्या दिवशी मी लिहिलं, “पत्रिका पाहिली. मालेला शुभेच्छा. पुढच्या वर्षीच्या बैठकीच्या वेळी माझ्या विषयाचा विचार व्हावा ही विनंती.” उत्तरादाखल तासाभरात कार्यवाहांचा फोन आला आणि त्यांनी मनापासून दिलगिरी व्यक्त केली. तेव्हापासून मी संस्थेच्या लेटरहेडवर सहीचं पत्र आल्याशिवाय तारीख पक्की धरत नाही, आणि ते न आल्यास महिनाभर आधी स्वतः विचारते.

वसंताच्या मालेसाठी मी ऑक्टोबरातच पत्र दिलं होतं. बैठक फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात होती, पण २१ ते २३ फेब्रुवारीला दिल्लीत साहित्य संमेलन, निम्मी कार्यकारिणी तिकडे गेली आणि बैठक मार्चवर गेली. याही वेळी बैठकीच्या दोन दिवस आधी फोन केला. अभिप्रायांची प्रत त्यांच्या एका सदस्यांकडे पोचती केली, त्यांनीच माझं नाव मांडलं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं : २२ मे, संध्याकाळी सात, मानधन तीन हजार आणि प्रवासखर्च. मानधनाचा आकडा मी या वेळी पहिल्यांदा स्वतःहून विचारला होता. आधीच्या पत्रांत ‘आपल्या प्रथेप्रमाणे’ असं लिहीत असे. विचारल्यावर समोरच्यांनी अगदी सहज सांगितलं. बायकांना हे विचारायला जास्त जड जातं, पण विचारा. “आपल्या संस्थेत वक्त्यांना साधारण किती मानधन असतं?” एवढंच वाक्य पुरतं.

२०२५ मध्ये मेच्या उत्तरार्धातच पाऊस कोसळायला लागला. कार्यक्रम उघड्या पटांगणावर ठरला होता, तो शाळेच्या सभागृहात हलवावा लागला. सत्तर-ऐंशी लोक भिजत आले. व्याख्यान संपल्यावर एक काका पुढे आले. साडीच्या दुकानाच्या प्लास्टिकच्या पिशवीत वर्तमानपत्र, त्यात कापड, त्यात आठ घड्यांचा कागद. घड्यांवर भोकं पडलेली, कडा तपकिरी, शाई मात्र लख्ख काळी. मी टेबल पुसून घेतलं, कागद सावकाश उलगडला. कर्जरोखा होता. घेणाऱ्याचं नाव वाचून दाखवल्यावर काका म्हणाले, “हे आमचे पणजोबा.” रक्कम वाचली, गहाण ठेवलेल्या शेताचं नाव वाचलं. ते शेत आजही त्यांच्याकडेच आहे. कार्यवाह दिवे बंद करायला थांबले होते, तेही खुर्ची ओढून बसले. असे कागद सपाट, कोरड्या जागी, सुती कापडात किंवा आम्लरहित कागदात ठेवावेत आणि मोबाईलने चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवावा, एवढं सांगून मी निघाले.

वर्षाचा हिशेब केला तेव्हा छपाई, टपाल, अडॅप्टर आणि प्रवास मिळून खर्च आणि मिळालेलं मानधन जवळपास बरोबरीत आलं. निवृत्तिवेतन असल्यामुळे मला चालतं. ज्यांना यावर घर चालवायचंय त्यांनी महाविद्यालयं आणि कंपन्यांचे प्रशिक्षण विभाग यांच्याकडे आधी वळावं, वाचनालयांकडे देण्याची इच्छा असली तरी पैसे थोडे असतात. आणि तिसऱ्या फोनलाही बैठकीची तारीख मिळाली नाही, तर त्या हंगामापुरतं ते पान मिटवावं. मी मिटवलेल्या पानांपैकी काही पुढच्या हंगामात उघडली, काही तशीच आहेत.

हे लिहिते आहे ते २०२५ मध्येच. यंदाच्या ३ ऑक्टोबरसाठी, म्हणजे अभिजात दर्जाच्या वर्षदिनासाठी, जूनमध्येच पत्रं दिली. दोन ठिकाणची लेटरहेडवरची पत्रं हातात आहेत. जानेवारीच्या त्या मालेची बैठक १४ सप्टेंबरला, रविवारी आहे. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहानंतर कार्यवाहांना फोन करायचाय.